ओढ्यापलीकडची सोयरीक

खटाव तालुक्यातल्या निम्म्या बायकांचे हात मी धरले आणि एकाही नवऱ्याने माझ्यावर काठी उगारली नाही. उलट घरोघर बसायला पाट मिळाला, चहा मिळाला, आणि बांगड्या भरून झाल्यावर त्याच बायकांनी वाकून नमस्कारही केला. मी कासार. वडूजच्या पेठेत आमचं हातभर रुंदीचं दुकान होतं, पण खरा धंदा फिरतीचा. सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधायची आणि वाड्या-वस्त्या धरायच्या. या अंकासाठी लिहा म्हणून आग्रह झाला तेव्हा मी म्हटलं, बांगडीवर काय लिहायचं? काच गोल असते आणि कधीतरी फुटते, संपलं. मग बायको म्हणाली, "बांगड्यांचं नका लिहू, बांगड्या भरता भरता जी लग्नं जमवलीत त्यांचं लिहा." तिचं ऐकलेलं बरं असतं.

आधी धंद्याची गोष्ट सांगतो. बाहेरच्यांना वाटतं बांगडी मनगटाच्या मापाने घ्यायची. तसं नाही. मनगट कितीही बारीक असो, बांगडी अडते ती अंगठ्याच्या मुळाशी. तिथलं हाड ज्याला वळवता आलं तो कासार, बाकीचे नुसते काच विकणारे. हात साबणाने ओला करायचा, चारी बोटं एकत्र दाबायची, अंगठा तळहातात मुडपायचा आणि बाईला बोलण्यात गुंतवायचं. बोलणं महत्त्वाचं, कारण हात सैल सुटला तरच बांगडी चढते. मन घाबरलं की हात ताठतो आणि काच पिचते. म्हणून कुठली पोरगी कशाने घाबरते आणि कशाने सैलावते, हे तिच्या आईच्या आधी मला कळायचं.

यातूनच सोयरिकीचं काम अंगावर आलं. ते मी मागितलं नव्हतं. एखादी आई बांगड्यांच्या बदल्यात सुपातून जोंधळे घालता घालता हळूच म्हणायची, "मामा, पुढल्या खेपंला हिरव्या बांगड्या जरा जास्ती आणा." याचा अर्थ पोरगी उजवायची आहे, कुठं स्थळ दिसलं तर सांगा. गावोगाव घराच्या आत, थेट चुलीपर्यंत जाणारा परका पुरुष मी एकटाच. मी सगळ्यांचा मामा. माझ्याशी बोललेलं चावडीवर जात नाही, याची बायकांना खात्री होती, आणि ती खात्री मी शेवटपर्यंत राखली.

लग्न जमलं की लोक नशिबाचं नाव घेत. मला त्यात नशीब फारसं दिसलं नाही. मला दिसायचं ते पाणी, पायवाट आणि फौजेची रजा. जात तर आधीच उंबऱ्यावर उभी असायची. तिच्या आत भावकी वगळायची, एक देवक असेल तर वगळायचं, आणि उरलेल्यांत आपली आत्या, मावशी, बहीण जिथवर दिली आहे तिथवरच नजर टाकायची. त्यापलीकडे कुणी पाहत नसे. तालुक्यात लग्नाच्या शंभर पोरी असोत, एका घराला दिसणाऱ्या पोरी चार. त्या चारांतून निवडायचं आणि वर म्हणायचं, देवानं जोडी जुळवली.

पाण्याचं तर विचारूच नका. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या खटाव-माणकडच्या प्रत्येक बापाला पोरगी इस्लामपूरकडे द्यायची होती. तिकडे साखर कारखाना, ऊस, विहिरींना पाणी. माझी सासुरवाडी त्याच भागातली, त्यामुळे मी मोठा मातब्बर मध्यस्थ झालो. पण तिकडची पोरगी आमच्या माळावर आणायची म्हटलं की सगळे विषय बदलायचे. आणि आमच्याकडे तर घरटी एक पोरगा फौजेत. त्याच्या लग्नाची तारीख भटजीच्या आधी पलटण ठरवायची. दोन महिन्यांची रजा, तीही उन्हाळ्यात मिळाली तर. त्यातच पोरगी पाहायची, पसंत करायची, हळद लावायची आणि परत गाडीत बसायचं. त्या दोन महिन्यांत जी पोरगी समोर असेल ती त्याची बायको.

असाच एक फौजी दत्तू. वडूजपासून तासाभराच्या वाटेवर त्याचं गाव. घरातली माणसं अजून नांदती आहेत, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही, आपण वरची वाडी म्हणू. त्याचे वडील रामभाऊ, सरळ पण हट्टी गृहस्थ. दत्तूसाठी इस्लामपूरकडची एक मुलगी मी स्वतः सुचवली होती. साखरपुडा झाला, दत्तूला रजा मिळाली, तो घरी आला. आणि लग्नाला तीन आठवडे उरले असताना मुलीच्या बापाच्या रानात नदीचं पाणी पोचलं. पाइपलाइन झाली, ऊस लागला आणि त्याच्या दारात उसवाल्यांची स्थळं यायला लागली. त्याने मला बोलावून घेतलं आणि चहा पाजून सांगितलं, "पाव्हणं, राग मानू नगा. पोरगा सोन्यासारका हाय. पर आमच्या पोरीला हंडा घिऊन दोन मैल चालायची सवं न्हाई."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण वरच्या वाडीला ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. रामभाऊंनी ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "कासार, तुमी जोडलंसा, तुमीच निस्तरा." त्यांच्या घरात ज्वारी दळून झाली होती, पत्रावळी आल्या होत्या आणि दत्तूची रजा संपत चालली होती. माझी बारा वर्षांची पत त्या एका घरात अडकली होती.

वरच्या वाडीच्या शेजारीच, ओढा ओलांडला की एक वसाहत होती. कोयनेच्या धरणात गावं गेली तेव्हा पाटणच्या खोऱ्यातली काही कुटुंबं इकडे आणून वसवली होती. आमचे लोक तिला धरणवाडी म्हणायचे. भातशेतीची माणसं, त्यांना मिळाली माळाची जमीन. कष्टाला वाघ, पण बिचाऱ्यांचं एक मोठं दुखणं होतं. अख्खी वसाहत एकाच भावकीची. आत लग्न करावं तर सगळे बहीणभाऊ. त्यांचे जुने सोयरे धरणाने कुठल्या कुठं पांगवले, कुणी घाटाखाली गेले, कुणी आणखी कुठं. आणि आजूबाजूचे आम्ही त्यांची पोरगी करायला किंवा त्यांना पोरगी द्यायला तयार नाही. जात एकच, तरी नाही. का, तर मूळ कुणाला विचारायचं? यांचा मामा कोण, आजोळ कुठलं, कुणाच्या घरात यांची लेक नांदते, काहीच ठाऊक नाही. ज्या गावात जाऊन चौकशी करायची ते गाव पाण्याखाली. त्यामुळे ओढ्यापलीकडे लग्नाच्या पोरी होत्या, आणि वरच्या वाडीच्या लेखी त्या नव्हत्याच.

तिथं सखूबाई नावाची विधवा आणि तिची एकुलती लेक कौसल्या राहायची. कौसल्याचं वय त्या काळाच्या मानाने बरंच झालं होतं. त्या आठवड्यात मी गेलो तर सखूबाई म्हणाली, "मामा, कराडकडचं एक बिजवर स्थळ आलंया. दोन पोरं हायती त्याला. वय बी झालंया. पर दुसरं कोन ईचारतंय आमास्नी? पुनवंला सांगावा धाडायचा हाय." मी कौसल्याचा हात हातात घेतला होता. तिचं मनगट काडीसारखं, पण अंगठ्याच्या मुळाचं हाड रुंद. तसला हात फार थोड्या बायकांचा. तिच्यासाठी मी नेहमी एक माप मोठी बांगडी काढायचो. आई बिजवराचं बोलत असताना तो हात लाकडासारखा झाला आणि बांगडी कट्कन गेली. फुटली म्हणायचं नसतं, म्हणून मी नेहमीसारखं "वाढवली" म्हणालो, दुसरी काढली, आणि मुद्दाम बोललो, "वरच्या वाडीच्या दत्तूचं लग्न मोडलं, कळलं का? पोरगा चांगला हाय बरं." हात सैल पडला. चार बांगड्या एका दमात चढल्या. पोरीने मान वर केली नाही, पण मला जे कळायचं ते कळलं.

परतताना ओढ्याकाठी दत्तूच भेटला. मी आडवळण घेतलं नाही, सरळ विचारलं. तो म्हणाला, "सखूबाईची पोरगी म्हंजी इहिरीवर येती ती?"

"व्हय."

त्याने थोडा वेळ बुटाने माती उकरली. "मामा, माझी छुट्टी पंधरा दिस राह्यलीया. आबास्नी तुमी ईचारा. मी ईचारलं तर म्हनतील, पलटनीत जाऊन पोरगं बिघाडलं."

रामभाऊंना विचारलं तर त्यांनी हातच झटकले. "धरनवाल्याची? पोरगी चांगली आसंल, न्हाई म्हनत न्हाई. पर कूळ कुनाचं, मूळ कुनाचं? उद्या काय निगालं तर जबाब कोन देनार, तुमी?"

"आनि मी मूळ शोधून आनलं तर?"

"तर बघू."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी पाटणची गाडी धरली. मी कुणा पुढाऱ्याकडे किंवा कचेरीत गेलो नाही. पाटणच्या पेठेत आमच्याच धंद्यातले बाळूकाका कासार होते, सत्तरीच्या घरात. ज्याने खोऱ्यातल्या बायकांना बांगड्या भरल्या त्याला कुठली सून कुठून आली हे माहीत असणारच, कारण आम्ही सुनेचा हात हातात घेताना पहिला प्रश्न तोच विचारतो, बाई, माहेर कुठलं? मी सखूबाईच्या सासरचं गाव सांगितलं, घर सांगितलं. बाळूकाकांनी डोळे मिटले.

"त्या घरात बायना नावाची सून हुती. मी तवा पोरगा, बापासंगं पेटी घिऊन जायाचो. देसावरची, खटावाकडची. दुष्काळ पडला तवा हिकडं भात हाय म्हनून तिच्या बापानं खोऱ्यात दिली. एवडीशी हुती. आमी गेलो की हात म्होरं करायच्या आदी ईचारायची, वडूजकडं गेला हुता का? आमी कशाला जातोय वडूजला! तरी दर खेपंला ईचारायची. म्हायेराचं कुनीच कवा आलं न्हाई तिच्याकडं. पोरगा ल्हान आसतानाच गेली बिचारी." मग ते म्हणाले, "तिच्या हाताला बांगडी भरनं म्हंजी कसोटी. मनगट बारीक, हाड रुंद."

मी तिचं माहेरचं गाव विचारलं. त्यांनी वरच्या वाडीचं नाव घेतलं. बापाचं नाव सांगितलं, भावाचं सांगितलं. तो भाऊ म्हणजे रामभाऊंचा बाप.

मला खुर्चीवर बसवेना. म्हणजे बायना ही रामभाऊंची सख्खी आत्या आणि कौसल्या तिची नात! रामभाऊंच्या घरात बायनाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, आणि सखूबाईलाही यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिची सासू तिच्या लग्नाआधी कितीतरी वर्षं गेलेली आणि नवराही आता नव्हता. ज्यांचं मूळ कुणाला ठाऊक नाही म्हणून सगळे नाक मुरडत होते, त्यांचं मूळ रामभाऊंच्याच अंगणात निघालं होतं. परतीच्या वाटेवर कराडला मी पावशेर पेढे घेतले. इतका मी खूश होतो.

वरच्या वाडीत रामभाऊंच्या सोप्यावर भावकीतली माणसं बसली होती. मी पेढ्याचा पुडा मध्ये ठेवला आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "रामभाऊ, पोरगी परकी न्हाई! तुमच्या बायनाआत्याची सख्खी नात हाय ती!"

मला वाटलं, आता सगळे उठून मला मिठ्या मारतील. कुणी पेढ्याला हात लावला नाही. भावकीतले सर्वांत थोरले आप्पा घसा साफ करून म्हणाले, "कासार, मग तर इषयच मिटला. ही परतवेल झाली."

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडची ही रीत आहे. आपल्या घरातली लेक ज्या घरात दिली, त्या घराची लेक सून म्हणून परत आणायची नाही. वेल पुढे जावी, मांडवावरून परत फिरू नये. मामाची पोरगी करून घेतील, पण आत्याच्या वंशातली पोरगी आणणार नाहीत. बारा वर्षं सोयरिकी जुळवणारा मी, आणि मूळ सापडल्याच्या आनंदात एवढी साधी गोष्ट विसरलो. काही कळत नव्हतं तेव्हा निदान "बघू" तरी होतं. मी सगळं कळवलं आणि दार बंद करून घेतलं. दत्तू खांबाला टेकून उभा होता, तो खाली बघायला लागला. पुनव दोन दिवसांवर होती आणि मला कौसल्याचा तो बिजवर दिसू लागला.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला, "कासारा, कोन म्हनलास? बायना?"

त्या घरात गयाआत्या होत्या, रामभाऊंची दुसरी आत्या. लहानपणीच कपाळ पांढरं झालं आणि माहेरी परत आल्या, त्या आयुष्यभर याच घरात राबल्या. मी त्या घरी वर्षानुवर्षं जात होतो, पण त्या माझ्यासमोर कधी बसल्या नव्हत्या. विधवेचं कासाराकडे काम काय? नजर अधू झाली होती. दाराची चौकट धरत त्या सोप्यावर आल्या, आणि पुरुष बसले होते तरी थांबल्या नाहीत.

"माजी बायना? हाय का रं ती?"

"न्हाई आत्याबाई. लय वर्सं झाली जाऊन."

"कुनी सांगितलं तुला?"

"पाटनच्या कासारानं. त्याला ईचारायच्या त्या दर खेपंला, वडूजकडं गेला हुतास का म्हनून."

गयाआत्या माझ्यासमोर खाली बसल्या. रामभाऊ हळूच म्हणाले, "आत्या, तू आत जा. परतवेल हाय, हे व्हायाचं न्हाई."

मग ती म्हातारी बोलली. असं बोलणं मी त्या आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. "वेल म्हनतुयास व्हय रं रामा तिला? मानूस हुती ती. माझ्या कुशीत निजायची. घास खायाला मिळंल म्हनून धाडली आन् इसरून गेलासा. चार दिस म्हायेराला आना म्हनून तुज्या बापाला मी कितींदा म्हनलं. घाट लांब हाय, बैलं दमत्यात, म्हनायचा. तवा वाट लांब हुती. आता तिची नात वढ्यापल्याड यून बसलीया, तर म्हनतासा वाट बंद हाय. एकदा तरी येऊ द्या की रं तिला घरला."

रामभाऊंनी पदर नाही म्हणून पागोट्याचा शेव डोळ्यांना लावला. थोड्या वेळाने आप्पांनी बोटं मोजायला सुरुवात केली. बायना एक, तिचा पोरगा दोन, ही पोरगी तीन. "तीन पिढ्या झाल्या म्हना की. देवक येगळं हाय. आन् तिचं त्ये गावच पान्याखाली गेलं. चालतंय." मग त्यांनी पेढा उचलला.

आता इथं मला खरं ते लिहिलं पाहिजे. याच आप्पांनी दुसऱ्या एका घरचं लग्न चार पिढ्यांच्या परतवेलीवरून मोडलेलं मी पाहिलं होतं. त्या साली पाऊस चांगला होता आणि दारात तीन स्थळं उभी होती. इथं रजा संपत आली होती आणि दुसरी पोरगी नव्हती. आप्पांना मी दोष देत नाही. म्हातारीच्या बोलण्याने दार उघडलं हे खरं, पण दुसरं दार उघडं असतं तर तिचं बोलणं कुणी इतकं ऐकून घेतलं असतं का, याचा मी अजून विचार करतो.

मी सायकल काढली आणि ओढा ओलांडला. सखूबाईला सांगितलं तेव्हा तिने आधी कौसल्याकडे बघितलं आणि मग माझ्या पाया पडायला लागली. चार दिवसांनी चुडा भरला. मी पेटीतलं सगळ्यांत सुंदर हिरवं काढलं, एक माप मोठं. हात लोण्यासारखा सैल. एकसुद्धा बांगडी वाढली नाही.

त्यानंतर ओढ्याची वाट मोकळी झाली. पुढच्या उन्हाळ्यात धरणवाडीच्या दोन पोरी वरच्या वाडीत आल्या आणि वरच्या वाडीची एक पोरगी तिकडे गेली. इतकी वर्षं जी माणसं दिसत नव्हती ती एकाएकी दिसायला लागली. मला एकाच गोष्टीची हळहळ आहे. तिथले तीन-चार मुलगे तोवर वयाने पुढे गेले होते. त्यांचं काही जमलं नाही, मी खूप खटपट केली तरी.

पण माझ्या डोळ्यांसमोर आहे ती वरातीची दुपार. कौसल्या दत्तूच्या दारात उभी होती. सुवासिनी ओवाळत होत्या, नाव घे म्हणून थट्टा चालली होती. गयाआत्या रीतीप्रमाणे मागे, परसदाराशी थांबल्या होत्या. माप ओलांडून कौसल्या आत आली आणि कुणी सांगायच्या आधी थेट मागे गेली, त्यांच्या पाया पडली. म्हातारीने चाचपडत तिचा हात धरला. मी दारातूनच बघत होतो. त्या भुंड्या, सुरकुतलेल्या हाताचं मनगट काडीसारखं होतं आणि अंगठ्याच्या मुळाचं हाड रुंद. साऱ्या गावाचे हात मला पाठ, आणि तो एक हात मी कधी धरलाच नव्हता. धरला असता तर पाटणला जायची गरजच पडली नसती.

गयाआत्यांनी बांगड्यांवरून बोट फिरवलं, अंगठ्याशी थांबवलं, आणि तिथंच धरून ठेवलं. ओढा ओलांडून यायला वरातीला घटकाभरसुद्धा वेळ लागला नव्हता. त्या म्हणाल्या, "बस गं बाई. दमली आसशील. लय लांबनं आलीस."